फेरमांडणी

थोंग्यंगच्या बंदरात, जाळी विकणाऱ्याच्या वरच्या मजल्यावर
सहा पट, अकरा खुर्च्या, रॉकेलची एक शेगडी
आणि भिंतीवर टीव्ही. आज अंतिम सामन्याचा तिसरा डाव.
खेळाला जग गो म्हणतं, आम्ही बदुक.
मी इथला चहा करणारा, सोंगट्या धुणारा.
दर सोमवारी काळ्या एकशे एक्क्याऐंशी, पांढऱ्या एकशे ऐंशी
मोजून डब्यात भरतो. एखादी नेहमी कमी भरते.

पडद्याखाली निळी-पांढरी पट्टी असते.
कोण किती टक्के जिंकतंय ते यंत्र सांगतं.
ताक ह्यन-जे एकशे त्रेचाळिसावी चाल खेळला
आणि पट्टी घसरली
ओल्या धक्क्यावरून माशांची टोपली घसरावी तशी.
"गेला! बाराच्या भावात गेला!"
जकातीतून निवृत्त झालेल्या प्यो यांनी तर कोटही चढवला.
पट्टी बघून शहाणं व्हायला लागतं काय?
डोळे दोन, मान एक.

सगळे उतरून गेल्यावर
ग्वाक सुन-र्ये जिना चढून आली.
कालवं फोडणारी बाई. पहाटे चारपासून शेडमध्ये,
बोटांना चिकटपट्ट्या, बाह्यांना खाडीचा वास.
फोन खारू नये म्हणून पिशवीत ठेवते,
त्यामुळे सामना तिने नुसता ऐकलेला:
कोपरा, कडा, मध्य, आकडे, निवेदकाचे उसासे.
पट्टीकडे पाठ करून ती बसली
आणि पहिल्या चालीपासून मांडू लागली.
मी समोर. विचारलंही नव्हतं तिने.

"घोडं कुठं पेंड खातंय ते बघू," म्हणाली.
त्रेचाळीस मांडून झाल्यावर दोन मागे आली.
"इथं. हा कोपरा जिवंत होता ना?
तरी त्यानं पुन्हा श्वास मोजले, पुन्हा एक सोंगटी खर्चली.
पुढच्या शंभर चाली
तो नुसता नीट वागत होता."

मी चोरून यंत्राला विचारलं.
एक्केचाळिसावी चाल: अर्ध्या टक्क्याचा फरक.
तिला दाखवलं.
"असेल," ती म्हणाली, आणि चहा मागितला.

टीव्हीचा आवाज बंद होता.
हरलेला ताक अजून पटावर वाकलेला,
जिंकलेला चुओ वेनलान समोरच.
दोघांनी अर्धा पट उचलला, पुन्हा भरला.
एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही;
बोट इकडे, मान तिकडे,
मग चुओने एक सोंगटी एक घर अलीकडे ठेवली
आणि ताक हसला, दाढ दुखत असताना हसावं तसा.

"तू सोलला होतास ना शिकायला?
शेवटचा डाव दाखव."

अठरा पूर्ण व्हायला तेव्हा नऊ दिवस होते.
व्यावसायिक परीक्षेची शेवटची फेरी, हार अर्ध्या गुणाने.
त्यालाही अकरा वर्षं झाली.
तेव्हापासून मी ताकचे डाव मांडतो, चुओचे,
मेलेल्या उस्तादांचे,
कोण कुठं चुकला ते झोपेतही सांगेन.

"लिहून ठेवलेला नाही," म्हणालो.
"लिहायला कशाला लागतोय तो?"

नाही लागला.
हात आपणहून चालला, काळी, पांढरी, काळी,
त्या खोलीतला पंखा, समोरच्या मुलाची सर्दी,
रुमालाची घडी कशी करायचा तोसुद्धा.
अडुसष्टपर्यंत सरळ.
मग पांढरी सोंगटी तळहातात राहिली. कुठे ठेवली होती
ते नीट आठवत होतं.

सुन-र्येने घड्याळ पाहिलं. तिला तीनला उठायचं असतं.
शेगडी पायाने जवळ ओढून
बोटांच्या पट्ट्या एकेक सोडवायला घेतल्या.
खाली जाळीवाल्याने शटर ओढलं.

"एकोणसत्तर," ती म्हणाली, मान वर न करता.